डेल्फ्टचा कापडवाला आणि मिऱ्याचें पाणी

मिरें जिभेवर पडलें म्हणजे झोंबतें, हें आमच्या वाचकांपैकीं कोणासही सांगावयास नको. पडशानें बेजार झालेल्या मुलास आई मिऱ्याचा काढा देते, आणि मूल तोंड वेडेंवाकडें करून विचारतें कीं हें इतकें तिखट कां लागतें. मिरें तिखटच असतें, असें आई सांगते. मूल गप्प बसतें आणि पुढें मोठें झाल्यावर आपल्या लेंकरास तेंच उत्तर देतें. आज ज्या गृहस्थाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याची दाढी पिकूं लागण्याचें वय आलें तरी त्यास या उत्तरानें समाधान झालें नाहीं. मिऱ्याचा तिखटपणा कशांत असतो, हें त्यास शेवटपर्यंत उमगलें नाहीं. परंतु तें शोधावयास गेला असतां त्याच्या दृष्टीस जें पडलें, तें त्याच्यापूर्वीं कोणाही मनुष्याच्या दृष्टीस पडलें नव्हतें.

हॉलंड देशांत डेल्फ्ट नांवाचें एक टुमदार शहर आहे. तेथें रस्त्यांच्या कडेनें कालवे वाहतात, आणि तेथील निळ्या नक्षीचीं भांडीं दूरदूरच्या देशांत नांवाजलेलीं आहेत. या शहरीं इ. स. १६३२ च्या आक्टोबर महिन्याच्या २४ व्या तारखेस अँटनी व्हान लेव्हेनहूक याचा जन्म झाला. त्याचा बाप टोपल्या विणी. मुलगा पांच वर्षांचा असतांच बाप वारला, व पुढें आईनें एका चिताऱ्याशीं पुनर्विवाह केला. सोळाव्या वर्षीं त्यास आम्स्टरडाम येथें एका कापडव्यापाऱ्याच्या पेढीवर ठेवण्यांत आलें. तेथें तो मापणें, मोजणें व हिशेब ठेवणें शिकला. लॅटिन भाषा मात्र तो कधीं शिकला नाहीं. एके काळीं आमच्या देशांत संस्कृतावांचून पंडितांच्या सभेंत कोणी उभें करीत नसे, तशीच त्या काळीं युरोपांत लॅटिनची गोष्ट होती. लेव्हेनहूक यास आपल्या डच भाषेवांचून दुसरी कोणतीही भाषा येत नव्हती.

इ. स. १६५४ त तो डेल्फ्टला परतला, लग्न केलें व कापडाचें दुकान थाटलें. त्यास पांच लेंकरें झालीं. त्यांतील चार लहानपणींच मातीआड गेलीं, आणि मारिया नांवाची एकच मुलगी राहिली. इ. स. १६६६ त बायकोही वारली. पुढें त्यानें एका पाळकाच्या कन्येशीं दुसरा विवाह केला. मध्यंतरीं इ. स. १६६० त त्यास नगरसभेंत एक नोकरी मिळाली होती. न्यायाधीश मंडळी जेथें बसत, तें दालन उघडावें व बंद करावें, स्वच्छ ठेवावें, थंडींत विस्तव पेटवावा, अशीं कामें तिच्याकडे लाविलेलीं होतीं. पुढें तो जमीन मोजणाराची परीक्षा उतरला, आणि शहरांत येणाऱ्या दारूच्या पिंपांचें मापही त्याच्याकडे आलें. विद्वान् म्हणावें असें यांत कांहीं नाहीं. आमच्या खेड्यांतील एखादा कारकून किंवा दुकानदार असतो, तसाच हा मनुष्य होता.

कापडवाले लोक सुताची वीण पाहण्यासाठीं भिंगाचा उपयोग करीत, आणि याच्या छंदाचें मूळही तेथेंच असावें. मात्र बाजारांतील भिंग त्यास पुरेना. त्यानें स्वतःच भिंगें करण्याचा उद्योग आरंभिला, आणि तीं इतकीं लहान कीं त्यांतील कांहीं डाळीच्या दाण्याहूनही बारीक असत. पितळेचे किंवा रुप्याचे दोन लहान पत्रे घेऊन त्यांस भोंकें पाडावीं, मध्यें भिंग बसवून पत्रे एकमेकांस जडवावे, आणि पाठीमागें एका स्क्रूच्या टोंकावर पाहावयाची वस्तु टोंचावी, असें हें यंत्र होतें. लांबीला दोन-तीन बोटें. तें अगदीं डोळ्याशीं धरून उजेडाकडे तोंड करून पाहावें लागे. आज जीं थोडीं यंत्रें शिल्लक आहेत, त्यांतील उत्तमांत वस्तु सुमारें २७० पट मोठी दिसते. अशीं यंत्रें त्यानें आपल्या हयातींत पांचशेंच्या वर केलीं. एखादी वस्तु नीट बसली म्हणजे ती काढून दुसरी लावण्याऐवजीं तो नवेंच यंत्र करी!

डेल्फ्ट येथें द ग्राफ नांवाचा एक डॉक्टर राहत असे. त्यानें इ. स. १६७३ त लंडन येथील रॉयल सोसायटीस पत्र लिहून आपल्या या शेजाऱ्याची ओळख करून दिली. इंग्लंड व हॉलंड यांचें त्या वेळीं युद्ध चालू होतें. तरी पत्र पोंचलें व त्याचा आदर झाला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पहिल्या पत्रांत बुरशी, मधमाशीची नांगी व ऊ यांचें वर्णन होतें. तेव्हांपासून मरेपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, हा मनुष्य लंडनला डच भाषेंत पत्रें लिहीत राहिला. त्यांची संख्या दोनशेंच्या जवळपास आहे. लंडनचे लोक तीं इंग्रजींत किंवा लॅटिनांत करून छापीत.

त्याचे प्रश्न कसे असत, याचा एक मासला देतों. डेल्फ्टपासून दोन तासांच्या वाटेवर एक तळें होतें. त्याचें पाणी हिवाळ्यांत स्वच्छ असे, पण उन्हाळा लागला कीं पांढरट होई व त्यावर हिरवे ढग तरंगूं लागत. आसपासचे शेतकरी म्हणत कीं हें दंवामुळें होतें. लेव्हेनहूकनें त्यांच्याशीं वाद घातला नाहीं. इ. स. १६७४ त त्यानें तेथील थोडें पाणी कुपींत भरून घरीं आणलें व दुसऱ्या दिवशीं भिंगाखालीं पाहिलें. तेव्हां त्यांत मळसूत्राप्रमाणें वळलेल्या हिरव्या रेषा, आणि त्यांमधून वरखालीं धांवणारे अनेक रंगांचे अत्यंत सूक्ष्म जीव दिसले. मग त्यास चैन पडेना. पावसाचें पाणी, नदीचें पाणी, स्वतःच्या अंगणांतील विहिरीचें पाणी, समुद्राचें पाणी, जें मिळेल तें तो पाहूं लागला.

आतां मिऱ्याकडे वळूं. काळें मिरें हॉलंडांत पिकत नाहीं. तें मलबार, जावा व सुमात्रा येथून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून जाई, आणि त्या कंपनीची एक शाखा खुद्द डेल्फ्ट शहरांत होती. आमच्या कोंकणांत वेंगुर्ल्यास या कंपनीनें त्याच शतकांत वखार घातली होती. तिच्या पडक्या भिंती पुष्कळांनीं पाहिल्या असतील. तात्पर्य, मिरें डेल्फ्टच्या स्वयंपाकघरांत रोजचेंच झालें होतें, पण त्याच्या तिखटपणाचें कारण पुसणारा विरळा. त्या काळीं विद्वानांतही अशी समजूत होती कीं आंबट, खारट, तिखट अशा पदार्थांच्या कणांस टोंकें असतात व तीं जिभेस टोंचतात. लेव्हेनहूकच्या विचाराचें वळणही तेंच होतें. मिरें मऊ झाल्यास त्याचे कण नीट पाहतां येतील, म्हणून त्यानें सुमारें पाऊण तोळा अख्खीं मिरीं पाण्यांत भिजत घातलीं. तीं सुमारें तीन आठवडे तशींच राहिलीं. पाणी आटे तेव्हां तो वितळलेल्या बर्फाचें पाणी त्यांत घाली. इ. स. १६७६ च्या एप्रिल महिन्याच्या २४ व्या तारखेस त्यानें तें पाणी भिंगाखालीं धरलें.

कांटे दिसले नाहींत. दिसले ते जीव, आणि तेही अगणित. त्यांत तीन-चार जाती होत्या, आणि सर्वांत लहान जातीचे तर इतके बारीक कीं जाड्या वाळूच्या एका कणाच्या लांबीइतकें अंतर भरावयास तसे शंभर जीव ओळीनें ठेविले तरी पुरणार नाहींत, असें त्यानें अनुमान केलें. मग त्यानें कापडवाल्याच्या सरळ हिशेबानें मांडलें कीं लांबी, रुंदी व उंची अशी तिन्हीकडे शंभर धरली, तर दहा लाख जीव मिळूनही वाळूच्या एका कणाएवढे व्हावयाचे नाहींत. ज्यांस आज आपण बॅक्टेरिया किंवा जंतु म्हणतों, त्यांचें हें पहिलें दर्शन होय. त्यानें आलें, लवंग व जायफळ हींही भिजवून पाहिलीं, आणि त्या वर्षाच्या आक्टोबर महिन्याच्या ९ व्या तारखेस एक लांबलचक पत्र लंडनला पाठविलें.

येथें त्याच्या अब्रूचा प्रश्न उभा राहिला. कल्पना करा, एका गांवचा दुकानदार तालुक्याच्या विद्वानांस कळवितो कीं तुम्ही जें पाणी पितां त्याच्या एका थेंबांत हजारों जीव पोहत आहेत, आणि ते माझ्यावांचून कोणास दिसत नाहींत. लोक काय म्हणतील? लंडनच्या मंडळींनीं त्याची टर उडविली नाहीं, पण विश्वासही ठेविला नाहीं. त्यांनीं आपल्यापैकीं एकास तोच प्रयोग करावयास सांगितलें; त्यास कांहीं दिसेना. त्यांनीं लेव्हेनहूककडे त्याची पाहण्याची रीत मागितली; ती त्यानें दिली नाहीं. मात्र त्यानें दुसरा मार्ग काढला. शहरांतील आठ प्रतिष्ठित गृहस्थ, ज्यांत पाळकही होते, त्यांस घरीं बोलावून तें पाणी दाखविलें, आणि त्यांच्या सह्यांचे दाखले लंडनला पाठविले. एका राळ्याच्या दाण्याएवढ्या पाण्यांत कोणी १०,००० जीव मोजले, कोणी ३०,०००, तर कोणी ४५,०००. त्यांतही आपल्यावर कोणी अविश्वास ठेवूं नये म्हणून त्यांनीं आपणांस वाटलेल्या संख्येच्या निम्मीच लिहिली होती. आम्हांस या सद्गृहस्थांचें कौतुक वाटतें. डोळ्यांनीं पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देतांना निम्मेंच सांगावें, असा साक्षीदार कचेरींत फारसा आढळत नाहीं.

शेवटीं रॉयल सोसायटीनें तें काम रॉबर्ट हूक याजकडे सोंपविलें. (नांवें सारखीं असलीं तरी यांचें कांहीं नातें नव्हतें.) हूक स्वतः भिंगांचा मोठा जाणता होता, आणि सूक्ष्म वस्तूंच्या चित्रांचा त्याचा ग्रंथ इ. स. १६६५ त प्रसिद्ध झाला होता. त्यासही पहिल्या खेपेस यश आलें नाहीं. मग त्यानें आणखी चांगलें भिंग केलें, मिऱ्याचें पाणी केसासारख्या बारीक कांचेच्या नळींत घेतलें, आणि इ. स. १६७७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या १५ व्या तारखेस सभासदांपुढें ठेविलें. जमलेल्या मंडळींनीं एकामागून एक डोळा लावून पाहिलें. जीव होते! तीन वर्षांनीं, इ. स. १६८० त, डेल्फ्टच्या कापडवाल्यास सोसायटीनें आपला सभासद करून घेतलें.

आपल्या समजुती त्यानें अशाच एकेक तपासल्या. साठविलेल्या धान्यांत सोंडे कसे होतात, हा प्रश्न आमच्या शेतकरी वाचकांस नवा नाहीं. कणगी घट्ट लिंपलेली, वरून कांहीं शिरावयास जागा नाहीं, तरी दाणे पोखरलेले निघतात. तेव्हां किडा दाण्यांतूनच आपोआप उपजत असला पाहिजे, असें वाटणें साहजिक आहे. हॉलंडांतही लोक तसेंच म्हणत, आणि मोठमोठे पंडित ग्रंथांच्या आधारें त्यास दुजोरा देत. लेव्हेनहूकनें गहूं व सोंडे घेतले, कांचेच्या नळ्यांत घातले, आणि त्यांस ऊब मिळावी म्हणून त्या कातडी पिशवींत घालून आपल्या खिशांत बाळगल्या. मग त्यास दिसून आलें कीं सोंड्याची मादी आपल्या सोंडेनें दाण्यास बारीक छिद्र पाडते, आंत अंडें घालते, आणि अळी दाण्याच्या पोटांतच वाढते. म्हणजे कणगी लिंपली तेव्हां शत्रु आंतच होता. हें त्यानें इ. स. १६८७ त लिहून कळविलें. पिसूही धुळींतून किंवा घाणींतून उपजत नाहीं, अंड्यांतून निघते, हें त्यानें पिसवा पाळून दाखविलें. पिसवा पाळणाऱ्या मनुष्याविषयीं शेजारीणबायका काय बोलत असतील याची आम्ही कल्पनाच करतों.

दांतांचीही एक गोष्ट आहे. तो रोज सकाळीं मिठानें दांत घासून चूळ भरी. त्याच्या वयाच्या मनुष्याचे इतके स्वच्छ दांत विरळा. तरी दाढांच्या फटींत पिठासारखें पांढरें कांहीं राही. तें त्यानें पावसाच्या पाण्यांत कालवून पाहिलें, तर त्यांतही जीव नाचत होते. ज्या म्हाताऱ्यानें जन्मांत कधीं दांत घासले नव्हते अशा एकास त्यानें गांठलें. त्याच्या तोंडांत तर जत्राच भरली होती. एकट्या मनुष्याच्या तोंडांत सबंध देशांतील प्रजेहून अधिक जीव राहतात, अशा अर्थाचें त्यानें इ. स. १६८३ त लिहिलें. पुढें कांहीं वर्षांनीं त्यास आपल्या पुढच्या दांतांवर हे जीव आढळेनात. विचार करतां ध्यानांत आलें कीं आपण सकाळीं कढत काफी पितों. उष्णतेनें हे जीव मरतात, हें त्यानें तेव्हांच ताडलें होतें.

पण येथवर येऊन तो थांबला. पाण्यांत जीव आहेत, तोंडांत जीव आहेत, कढत पाण्यानें ते मरतात, इतकें सर्व हातीं असतां यांपैकीं कांहीं जीव रोगाचें कारण असूं शकतील, असा शोध त्यानें लाविला नाहीं. त्याच्या पाठीमागून आलेल्यांनींही दीडशें वर्षें लाविला नाहीं. इ. स. १८८४ त कॉख नांवाच्या जर्मन डॉक्टरास कलकत्त्याच्या एका तलावाच्या पाण्यांत पटकीचे जंतु सांपडले. मिऱ्याच्या पाण्यापासून त्या तलावाच्या पाण्यापर्यंत दोनशें आठ वर्षें गेलीं, आणि त्या दोनशें वर्षांत पटकीनें किती घरें ओस पाडलीं!

या विलंबाचा कांहीं दोष, आमच्या मतें, लेव्हेनहूककडेही जातो. आपण काय पाहिलें हें तो मोकळेपणानें सांगे. कसें पाहिलें हें सांगत नसे. पाहुण्यांस तो बरीं यंत्रें दाखवी, उत्तम यंत्रें आपल्यापाशीं ठेवी. लायब्निट्स नांवाच्या थोर जर्मन पंडितानें त्यास सुचविलें कीं तरुणांस हातीं धरून ही विद्या शिकवावी. त्यानें तें मानलें नाहीं. पुष्कळ विद्यार्थी पैशासाठीं नाहीं तर नांवासाठीं शिकतात, असें त्याचें मत होतें. तें खरें असेल. पण एखादा तरी निराळा निघाला असता.

त्याचे तर्कही नेहमीं बरोबर ठरले असें नाहीं. मूल सर्वस्वीं बापाच्या बीजांतच असतें व आई केवळ त्याचें पोषण करते, असें तो आग्रहानें म्हणे. तें चुकीचें निघालें. मिऱ्याच्या कणांस टोंकें नसतात. मिऱ्यांत पायपरीन नांवाचें एक द्रव्य असतें, तें इ. स. १८१९ त अर्स्टेड या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें वेगळें काढलें. जिभेंतील ज्या मज्जातंतूंस चटका कळतो, तेच तंतु या द्रव्यानें चेतविले जातात, आणि जीभ भाजल्यासारखें वाटतें. तेव्हां मुलानें मिऱ्याचा काढा पिऊन तोंड भाजलें म्हणून ओरड केली, तर तें अगदींच खोटें बोलत नसतें. मात्र लेव्हेनहूकचा एक गुण असा कीं, मी पाहिलें तें हें, आणि मला वाटतें तें हें, असा भेद तो बहुधा आपल्या पत्रांतच करून ठेवी.

त्याची कीर्ति इतकी पसरली कीं इ. स. १६९८ त रशियाचा बादशहा पीटर कालव्यांतून बोटीनें जात असतां डेल्फ्टला थांबला. लोकांची गर्दी नको म्हणून त्यानें लेव्हेनहूकला बोटीवरच बोलाविलें. पासष्ट वर्षांचा हा दुकानदार आपलीं यंत्रें घेऊन गेला, आणि त्यानें बादशहास ईल माशाच्या शेंपटींत रक्त कसें वाहतें तें दाखविलें. धमनींतून निघालेलें रक्त अत्यंत बारीक नळ्यांतून शिरेंत जातें, हें तो दहा वर्षांपासून स्वतः पाहत आला होता.

नव्वदी उलटली तरी पत्रें थांबलीं नाहींत. शेवटच्या दुखण्यांत त्याच्या पोटाच्या वरच्या भागास अधूनमधून जोराचे झटके येत. वैद्य म्हणत कीं हृदयाचा विकार आहे. याचें म्हणणें कीं छाती व पोट यांमधल्या पडद्याचा. त्यानें त्याचेंही वर्णन लिहून लंडनला धाडलें, आणि मरणाच्या दारीं असतांही दोन पत्रें भाषांतरासाठीं मित्राच्या हवालीं केलीं. इ. स. १७२३ च्या आगष्ट महिन्याच्या २६ व्या तारखेस तो वारला. ही बातमी डेल्फ्टच्या एका पाळकानें लंडनला कळविली. मारियानें लग्न केलें नव्हतें; ती शेवटपर्यंत बापाजवळ राहिली होती. त्याच्या इच्छेप्रमाणें तिनें एक काळी पेटी रॉयल सोसायटीकडे पाठविली. तींत रुप्याचीं २६ यंत्रें होतीं. ती पेटी पुढें एकोणिसाव्या शतकांत गहाळ झाली.

भिंग करण्याची त्याची उत्तम रीत त्याच्याबरोबरच गेली, असें तीनशें वर्षें लोक समजत आले. यंत्र उघडावें तर तें मोडेल, म्हणून उरलेल्या यंत्रांचे पत्रे कोणी विलग करीना. इ. स. २०२१ त हॉलंडांतील शास्त्रज्ञांनीं न्यूट्रॉन किरणांच्या योगानें, यंत्र न उघडतां, उट्रेख्ट येथील त्याच्या सर्वांत शक्तिमान् भिंगाचा आंतला आकार पाहिला. तें घांसून केलेलें नव्हतें. कांचेचा बारीक धागा तापवून त्याच्या टोंकाशीं केलेला तो एक लहानसा मणी होता. ही कृति रॉबर्ट हूकनें आपल्या इ. स. १६६५ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत छापून ठेविली होती. मण्याला तुटलेल्या धाग्याचें बारीक देंठ अजून चिकटलेलें आहे. तें पितळेच्या दोन पत्र्यांमध्यें झांकलेलें होतें.